सोफ्याचे तोंड कुणाकडे?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या एका सहकाऱ्यांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. गंगापूर रोडच्या बाजूला, जेथे पूर्वी द्राक्षबागा होत्या तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यांपैकी एकीच्या पाचव्या मजल्यावर हे घर. घर देखणे होते, जेवण उत्तम होते, यजमानांचा आनंद खरा होता. जेवणे आटोपल्यावर आम्ही सहा-सात जण हॉलमध्ये येऊन बसलो. सगळेच साहित्याचे अध्यापक. अशी मंडळी एकत्र आली की कुठल्या तरी नव्या कादंबरीवरून, नाहीतर कुणाला मिळालेल्या पुरस्कारावरून वाद पेटतो आणि शेवटच्या माणसाला चप्पल घालायला मध्यरात्र होते. त्या रात्री मात्र साडेनऊलाच सगळे उठले. कुणाला घाई नव्हती, कुणाचे कुणाशी वाकडे नव्हते. बोलणे जमलेच नाही, एवढेच.

त्याचे कारण आम्हांला परतीच्या वाटेवर उमगले. हॉलमध्ये इंग्रजी ‘एल’ आकाराचा भव्य सोफा होता आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर तितकाच भव्य टीव्ही. आम्ही सातही जण त्या सोफ्यावर एसटीच्या मागच्या बाकावर बसावे तसे ओळीने बसलो होतो. या टोकाच्या माणसाने काही म्हटले तर त्या टोकाच्या माणसाला पुढे वाकून, मधल्या पाच जणांच्या गुडघ्यांवरून मान काढून त्याच्याकडे पाहावे लागे. टीव्हीचा आवाज बंद होता, पण चित्र चालू होते. आम्ही एकमेकांशी बोलत होतो असे म्हणण्यापेक्षा आम्ही सगळे मिळून एका भिंतीशी बोलत होतो, असे म्हणणे अधिक खरे होईल. आणि हे सहकारी महाविद्यालयात नाटक शिकवतात!

त्यांना हसावे, असे क्षणभर वाटले. पण घरी येऊन कुलूप काढले, दिवा लावला आणि पाहिले, तर आमचाही सोफा त्याच मुद्रेने त्याच दिशेला बसलेला होता. आम्ही दोघेही मराठीचेच अध्यापक. गेली बारा वर्षे आम्ही त्या मांडणीत राहिलो आणि एकदाही ती वाचली नाही. म्हणून पुढचे सारे सहकाऱ्यांविरुद्ध लिहिलेले नाही, आमच्यासकट सगळ्या साहित्यवाल्यांविरुद्ध आहे.

फर्निचर कसे मांडावे हा विषय रविवारच्या पुरवण्यांचा आहे, साहित्याच्या अध्यापकांनी त्यात पडण्याचे कारण नाही, असे कुणी म्हणेल. या म्हणण्यात एक सोयीस्कर विस्मरण आहे. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आम्हीच ‘नेपथ्याचे नाट्यांतर्गत कार्य’ असा प्रश्न काढतो. रंगसूचनेत खुर्ची कुठे आहे, दार कुठे आहे, झोपाळा कुणाचा आहे, यावर विद्यार्थ्यांनी दोन-दोन पाने लिहावीत अशी आमची अपेक्षा असते. पुस्तकातली खुर्ची अर्थपूर्ण आणि घरातली खुर्ची मात्र निव्वळ बसायची, हा कोणता न्याय? मांडणी हे विधान असेल तर ते सर्वत्र विधान आहे. ती कुणाला कुणासमोर आणते, कुणाला कोपऱ्यात घालते, कुणाला उभेच ठेवते, हे पाहणे समीक्षकाचे कामच आहे.

नाटकापासूनच सुरुवात करू, कारण मराठी मध्यमवर्गाला आपला दिवाणखाना प्रथम दिसला तो रंगभूमीवर. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. ब्यर्न्सनच्या नॉर्वेजियन नाटकावरून वर्तकांनी केलेले हे नाटक. संगीत नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यांच्या जागी तीन भिंतींची खोली, खरी दारे आणि खरे फर्निचर आले ते या प्रयोगाने, असे आपण वर्गात सांगतो. पुढे हीच खोली इतकी रुळली की ‘दिवाणखानी नाटक’ ही समीक्षकांची शिवी झाली. मध्यभागी सोफा, एका अंगाला टेलिफोन, मागे वर जाणारा जिना, आणि पात्रे चहा पीत संसाराचे प्रश्न सोडवताहेत. शिवी सर्वस्वी गैर नव्हती. पण ती देताना एक गोष्ट आपण पाहिली नाही. तो सोफा कितीही बेगडी असला तरी त्याचे तोंड माणसांकडे होते. दिग्दर्शक त्याला किंचित तिरपा ठेवी, खुर्च्या दोन्ही बाजूंनी आत वळवी, जेणेकरून दोन पात्रांना एकमेकांचे चेहरे दिसावेत आणि प्रेक्षकांनाही ते दिसावेत. वसंत कानेटकरांनी याच नाशकात राहून, येथेच अध्यापन करीत ‘प्रेमा तुझा रंग कसा’सारखी कौटुंबिक नाटके लिहिली. त्यांतली घरे आपल्याला आज भाबडी वाटोत. त्या घरांत माणसे एकमेकांना तोंडावर उत्तरे देतात, हे तर नाकबूल करता येणार नाही.

आणि चौथी भिंत? ती काढून टाकलेली होती, आणि तिच्या जागी प्रेक्षक होता. तो अंधारात होता, पण होता. तो हसे, खोकत असे, एखाद्या वाक्याला श्वास रोखून धरी. नटाला त्याची चाहूल लागे. आता आपल्या हॉलकडे पाहा. मांडणी हुबेहूब तीच आहे. तीन बाजूंना घर आणि सगळ्यांची तोंडे चौथ्या बाजूला. फरक एवढाच, की त्या बाजूला ऐकणारे कुणी नाही. टीव्ही बोलतो, ऐकत नाही. आपण दिवाणखानी नाटकाची यथेच्छ टिंगल केली आणि घरोघरी त्याचाच सेट लावला. फक्त प्रेक्षागृह तेवढे काढून टाकले.

मांडणी बदलली की माणसांचे नाते बदलते, हे नाटककारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाउस’चा शेवट सर्वांना माहीत आहे. नोरा घर सोडते आणि दार बंद झाल्याचा आवाज येतो. या आवाजावर ग्रंथ लिहिले गेले. पण त्याआधी ती एक साधी गोष्ट करते. नवऱ्याला टेबलाच्या एका बाजूला बसवते, स्वतः दुसऱ्या बाजूला बसते, आणि लग्नाला आठ वर्षे झाली तरी आपण दोघे असे समोरासमोर बसून गंभीरपणे कधीच बोललो नाही, हे त्याच्या लक्षात आणून देते. दार नंतरचे, आधी टेबल. ते टेबल आम्ही वर्गात कधी शिकवले नाही, याची आज खंत वाटते.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) याच्या नेमके उलटे घडते. एका गावातला हॉल, प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी, वेळ घालवायला मांडलेला अभिरूप खटल्याचा खेळ. हाताशी असलेल्या सामानातून न्यायाधीशाचे आसन होते, आरोपीचा पिंजरा होतो. माणसे तीच, हॉल तोच, फक्त मांडणी बदलते आणि बघता बघता एक शिक्षिका खरीखुरी आरोपी होऊन उभी राहते. एका नाटकात टेबल मांडल्यामुळे बाईला बोलता येते, दुसऱ्यात सामान मांडल्यामुळे तिची वाचा जाते. लाकूड निरुपद्रवी नसते, एवढे तरी यावरून पटावे.

येथवर आलो की मराठी लेखकाला एक मोह हटकून होतो. तो वाड्याकडे धाव घेतो. ओसरी, ओटी, माजघर, लोड-तक्के, पितळी कड्यांचा झोपाळा, पानाचे तबक आणि रंगलेल्या गप्पा. आमच्या नाशकात तर हा मोह फार स्वस्त आहे. जुन्या गावठाणात, गोदाकाठच्या गल्ल्यांत, सागवानी खांबांचे वाडे अजून उभे आहेत. काही नुसते टेकू लावून उभे आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या भिंती कोसळल्याच्या बातम्या येतात. त्यांच्यावर हळवे ललित लेख लिहिणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. ‘तेव्हा माणसे समोरासमोर बसत’ हे त्यांचे पालुपद. आम्ही विचारतो, कोणती माणसे?

ओटीवर लोडाला टेकून बसणारे पुरुष होते. घरची बाई माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकत असे आणि चहा बाहेर पाठवत असे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाची वर्णने ज्यांनी वाचली आहेत त्यांना जुन्या घरात शिवाशिवीची सत्ता किती खोलवर पोहोचली होती, हे नव्याने सांगायला नको. आणि ओटीच्याही अलीकडे, अंगणात, उन्हात उभे राहणारे जे होते त्यांच्यासाठी तर बसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. डॉ. आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना वेगळे गोणपाट अंथरून बसावे लागे, आणि शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसल्यामुळे ते रोज घरी न्यावे आणि परत आणावे लागे. भारतात आसनाची समीक्षा लिहायची तर तिची सुरुवात त्या गोणपाटापासून करावी लागेल, झोपाळ्यापासून नव्हे. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला तो याच शहरात. दाराच्या आत घेणार का, हा तेव्हाचा प्रश्न होता. आत घेतल्यावर कुठे बसवणार, हा त्याच्यापुढचा प्रश्न, आणि तो मंदिरांपेक्षा घरांना अधिक लागू आहे. नाशिकचेच बाबूराव बागूल ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत (संग्रह १९६३) दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून वावरण्याची किंमत काय असते ते दाखवून गेले. ती कथा आम्ही दरवर्षी शिकवतो. आणि आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी बारा वर्षे आमच्या हॉलमधल्या फरशीवर बसून चहा पीत होत्या.

तेव्हा वाड्याकडे परत जाण्याचा आमचा सल्ला मुळीच नाही. वाड्यात समोरासमोर बसणे हा मूठभरांचा अधिकार होता. आमची तक्रार वेगळी आहे. तो अधिकार सर्वांना मिळण्याची शक्यता ज्या पिढीत निर्माण झाली, त्याच पिढीने समोरासमोर बसणेच मोडीत काढले. खुर्ची आली तेव्हा ती मोठी क्रांतिकारक वस्तू होती. तिला सोवळे-ओवळे नव्हते, तिला टेकून पुरुषाप्रमाणे बाईही बसू शकत होती, आणि एका उंचीच्या चार खुर्च्यांवर बसलेली चार माणसे निदान बसण्यापुरती तरी समान होती. वेताच्या खुर्च्या, घडीच्या लोखंडी खुर्च्या, भिंतीकडेला दिवाण आणि मध्ये टीपॉय, अशी आमच्या आईवडिलांच्या पिढीची बाहेरची खोली होती. तिला ‘बाहेरची खोली’ म्हणत, हेही लक्षात घ्यावे. घराच्या आत राखलेले ते बाहेरचे जग होते. तेथे शेजारी, पोस्टमन, वर्गणीवाले, मुलाचा मित्र असे कुणीही येऊन टेकत असे.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२च्या आशियाई स्पर्धांनी रंग आणले. १९८७मध्ये रामायण मालिकेने रविवारची सकाळ ताब्यात घेतली. तथापि, त्या काळात टीव्ही कोपऱ्यात असे. त्याला सरकत्या दारांचे लाकडी कपाट असे, त्यावर क्रोशाचे झाकण असे, आणि कार्यक्रम संपला की दार लावले जाई. मालिका बघायला शेजारपाजारचे येत, सतरंजीवर बसत. टीव्ही पाहुणा होता. तो आला की खुर्च्या त्याच्याकडे वळत आणि गेला की परत एकमेकींकडे वळत. खुर्च्या हलक्या होत्या म्हणून हे शक्य होते. आजचा एल आकाराचा सोफा हलवायला चार माणसे लागतात. पाहुणा घरमालक झाला तो या वजनामुळे.

आणि ही मांडणी आपण निवडली, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या सदनिकेचा नकाशा एकदा काढून पाहावा. दहा बाय पंधरा फुटांचा हॉल. एका भिंतीत मुख्य दार, दुसरीतून स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी वाट, तिसरीत गॅलरीचे सरकते काचेचे दार. सलग भिंत उरते एकच, आणि तिच्यावर बिल्डरने आधीच केबलचा आणि विजेचा पॉइंट काढून ठेवलेला असतो. टीव्ही तेथे लागणार, म्हणजे सोफा त्याच्यासमोर येणार. तुम्ही घरात पाऊल टाकण्यापूर्वीच तुमच्या कुटुंबाने कुठे बघायचे हे वायरमनच्या आराखड्यात ठरलेले असते. पुढे इंटिरिअरवाले येतात आणि त्याच भिंतीला लाकडी पट्ट्या, दगडी टाइल आणि लपवलेले दिवे लावून तिचे देऊळ करतात. मग वास्तुतज्ज्ञ येतात आणि जड सामान नैऋत्येला असावे, असे सांगून जातात. नैऋत्येची एवढी काळजी घेतली जाते; समोरच्या माणसाच्या तोंडाची दिशा कोणती, हे मात्र कुणी विचारत नाही. जाहिरातीत या खोलीचे नाव उरले आहे फक्त एक अक्षर, ‘बीएचके’मधले मधले. आपला दिवाणखाना फारसीतून आला. त्या ‘दिवाण’ शब्दात दरबार होता, बसण्याची बैठक होती, आणि कवीच्या गझलांच्या संग्रहालाही तोच शब्द होता. राज्यकारभार, बैठक आणि कविता यांना एका शब्दात नांदवणारी भाषा आपण टाकली आणि ‘हॉल’ घेतला. शब्द परका आहे ही आमची तक्रार नाही, दिवाणखानाही परकाच होता. नव्या शब्दात बसायला जागा नाही, ही तक्रार आहे.

आता जी गोष्ट सांगायला आम्हांला संकोच वाटतो ती सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहिला जात आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आमच्या घरी आला. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. त्या वर्गात तो क्वचितच तोंड उघडत असे. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली कवितांची वही होती. ‘या’ म्हटल्यावर तो आत आला, एकवार सगळीकडे पाहिले आणि चपलांच्या कपाटाशेजारी खाली बसला. ‘अरे, वर बस’, असे आम्ही दोघेही म्हणालो. तो सोफ्याच्या अगदी कडेला टेकला. आमच्यापैकी एकजण त्याच्या शेजारी बसला. दुसरीला जागा नव्हती असे नाही, पण त्या ओळीत तिसरे बसण्यात अर्थ नव्हता. तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि ती त्याच्या पाठीमागे बसली. आबा, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, क्रिकेटचा सामना पाहत होते. आम्ही आवाज बंद केला. चित्र राहू दिले, आबांसाठी.

त्याने वाचायला सुरुवात केली. काही कविता प्रमाण मराठीत होत्या, काही कोकणा बोलीत. एखादी ओळ वाचून झाली की वाचणारा नकळत मान वर करतो, समोरच्या चेहऱ्यावर ती पोहोचली का ते बघतो. त्याने दर वेळी मान वर केली आणि दर वेळी त्याच्यासमोर कुणीतरी फलंदाज होता. ऐकणारा एक चेहरा त्याच्या खांद्याजवळ होता, एक पाठीमागे. आणि आम्ही खरे सांगतो, खांद्याजवळचे डोळेही अधूनमधून धावफलकाकडे जात होते. चार कविता वाचून त्याने वही मिटली. ‘बाकीच्या नंतर दाखवतो, सर’, म्हणाला. चहा घेतला, मॅडमना नमस्कार केला आणि पावसातच निघून गेला. पुढे तो उत्तीर्ण झाला. वही घेऊन पुन्हा कधी आला नाही. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात आदिवासी साहित्यावर तास घेतले होते आणि ‘अनसुना आवाज’ हा शब्द फळ्यावर लिहिला होता.

कुणी म्हणेल, दोष सोफ्याचा नव्हता, तुमचा होता. अगदी बरोबर. टीव्ही बंद करायला हात आमचेच होते. पण सवयी हवेत राहत नाहीत, त्या वस्तूंमध्ये राहतात. त्या खोलीत समोरासमोरच्या दोन खुर्च्या असत्या तर तो त्यांपैकी एकीवर बसला असता, आम्ही दुसरीवर बसलो असतो, आणि आमच्या दुर्लक्षाला तरी लाज वाटली असती. चुकीच्या मांडणीने आमची चूक सोपी केली, आणि त्याचे बोलणे अवघड केले.

टिळकवाडीत तात्यासाहेब शिरवाडकर राहत असत. १९९९च्या मार्चमध्ये ते गेले. १९८७चे ज्ञानपीठ मिळालेला हा कवी घरी येणाऱ्या कुणालाही भेटत असे, असे आमच्या शिक्षकांच्या पिढीकडून आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. त्यांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) आप्पासाहेबांना मुलाच्या घरात आणि मुलीच्या घरात जागा उरत नाही, घरात कुणाला कुठे बसू द्यायचे, हाच तर त्या शोकांतिकेचा दैनंदिन तपशील आहे. त्यांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा नाशकात पेढे वाटले गेले, आम्हीही वाटले. पण भाषा दर्जाने जगत नाही. ती दोन माणसे एकमेकांकडे बघून बोलतात तेव्हा जगते. आणि आजच्या मराठी घरात त्यासाठी खास राखलेली एकही जागा नाही. जेवणाच्या टेबलावर मुलांचा अभ्यास, झोपण्याच्या खोलीत फोनचे चार्जर, आणि हॉलमध्ये चौथी भिंत.

आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला: घरे लहान आहेत. पण सिडकोतल्या एका खोलीत सतरंजी टाकून बसणारे कुटुंब नाइलाजाने का होईना गोल बसते. ओळीत बसण्याची चैन मोठ्या हॉलवाल्यांनाच परवडते. दुसरा: वृद्धांना टीव्हीचा आधार असतो. असतो, आणि तो काढून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. मात्र आबांना टीव्ही दिला की आबांशी बोलायचे कर्तव्य संपले, ही समजूत कुणाच्या सोयीची आहे तेवढे स्वतःला विचारावे. तिसरा: आता टीव्ही बघतो कोण, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे. हा तर आमच्याच बाजूचा पुरावा झाला. बघणारा उठून गेला तरी सोफे त्या भिंतीकडे तोंड करून बसलेच आहेत. मूर्ती हलवली आणि गर्दी मोकळ्या गाभाऱ्याला हात जोडून उभी आहे, असे हे दृश्य.

आम्ही काय केले तेही सांगतो, कारण दुसऱ्याला उपदेश करून मोकळे होणे ही आमच्या व्यवसायाची खोड आहे. एल सोफ्याचे दोन भाग स्क्रू काढल्यावर सुटे होतात, हे आम्हांला बारा वर्षांनी कळले. मोठा भाग खिडकीखाली गेला, धाकटा त्याच्यासमोर आला. मध्ये टीपॉय, आणि दोन बाजूंना माळ्यावरून उतरवलेल्या वेताच्या दोन खुर्च्या. टीव्ही कडेच्या अरुंद भिंतीवर गेला. पाच मीटरची एक वायर आणि सुताराचे अर्ध्या दिवसाचे पैसे, एवढाच खर्च. आबांची खुर्ची अशा कोनात ठेवली की त्यांना टीव्हीही दिसतो आणि दारातून येणारा माणूसही. संध्याकाळी पडद्यावर गॅलरीतले ऊन पडते म्हणून लेक कुरकुरते. नैऋत्येचे काय झाले ते आम्ही पाहिले नाही.

यातून चमत्कार घडला नाही. मावशींना आम्ही खुर्चीवर बसायला सांगितले. पहिल्या दिवशी त्या बसल्या आणि दोन मिनिटांत कामाची सबब सांगून उठल्या. बारा वर्षे आम्ही त्यांना खाली बसू दिले होते. एका वेताच्या खुर्चीने ते कसे पुसले जाईल? पण आता चहा घेताना आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्यासमोर बसतो, आणि त्यांच्या मुलीने बारावीनंतर काय करावे, यावर आमचा चांगला अर्धा तास वाद होतो. हा वाद पूर्वी झाला नव्हता.

साहित्य शिकवणाऱ्या सर्वांना आमचे सांगणे एवढेच आहे. आपण संवाद, बहुस्वरता, परिघावरचा आवाज असे शब्द चर्चासत्रांत फार सहज वापरतो. ते शब्द पुढच्या वेळी उच्चारण्यापूर्वी आपापल्या घरी जाऊन बाहेरच्या खोलीच्या दारात उभे राहावे, आणि वही घेऊन आलेला एखादा मुलगा येथे कुठे बसेल, मान वर केल्यावर त्याला कुणाचा चेहरा दिसेल, ते पाहावे. चेहरा दिसत नसेल तर निबंध बाजूला ठेवून आधी खुर्ची उचलावी.